कानातली मर्टल

१

शनिवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीचं कुलूप उघडायचं, टोपलीतले, गाव बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठीचे ऑडिओ गाइड चार्जिंगवरून काढायचे, कानात घालायच्या बोंडांवरून ओलं फडकं फिरवायचं, आणि त्यातलाच एक स्वतःच्या गळ्यात अडकवून अख्ख्या एल्डरलो गावाला फेरी मारून यायची, हे काम एनिड थॉर्पकडे होतं. कमिटीत "बॅटरी तपासायला कुणीतरी पाहिजे" असा विषय निघाला तेव्हा बाकीचे छताकडे बघत राहिले आणि हिचा हात वर गेला. लोक म्हणाले, म्हातारीला हौस फार. म्हणेनात का.

यंत्रातला आवाज तिच्या थोरल्या बहिणीचा होता, मर्टलचा. मर्टल गावच्या शाळेत जन्मभर मास्तरीण. तिचा दरारा असा की पोरंच काय, तळ्यावरची बदकंसुद्धा रांगेत चालायची. शेजारच्या लायनेलने ही यंत्रं जमवली तेव्हा आवाज कुणाचा घ्यायचा, हा प्रश्नच आला नाही. तेव्हापासून गावात त्यांना ऑडिओ गाइड कुणी म्हणत नाही. "तीन मर्टल बाहेर गेल्यात, एक कुंपणावर विसरलेली सापडली," असं चालतं.

आणि खरी मर्टल आता घरी खिडकीशी खुर्चीत बसलेली असायची. तिच्या डोक्यातलं एकेक गळत चाललं होतं. डॉक्टरांनी त्या दुखण्याला भलंमोठं नाव दिलं. नाव कळून कुणाचं दुखणं कमी झालंय? शनिवारी लायनेल तिच्याजवळ बसायचा, डॉमिनो खेळायचा आणि हरायचा. मुद्दाम नव्हे, त्याला खरंच जमत नसे.

तेवढा वेळ एनिडला जुनी मर्टल मिळायची. "डावीकडे बघा," ती कानात म्हणायची. "नाही, तुमच्या डावीकडे." दर वेळी एनिडला हसू फुटायचं. एवढं तरी हाताशी राहिलं म्हणून ती मनातल्या मनात देवाचे नि लायनेलचे, दोघांचेही आभार मानायची.

त्या दिवशीही ती अशीच फेरीतल्या खुणेच्या तिसऱ्या खांबाशी, तळ्याकाठी आली आणि तिने बटण दाबलं.

"या तळ्यात पूर्वी गाडीची चाकं भिजत घालायचे," मर्टल म्हणाली, "उन्हात लाकूड आकसू नये म्हणून." इथे ती थांबते आणि "चला, पुढे" म्हणते. आज थांबली, पण "चला" आलं नाही. श्वास घेतल्याचा आवाज आला.

"तळाशी गाळ आहे. एनिडचा एक बूट अजून आतच आहे. आईला आम्ही सांगितलं, गाईने खाल्ला. चला, पुढे."

एनिडने बटण पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. बदकं आपली पाण्यात डोकी खुपसत होती.

मग ती एकटीच हसत सुटली. "काय गं बाई मी तरी! हे आधीपासून असेल, माझंच लक्ष नसेल," असं स्वतःशी म्हणत ती पुढे निघाली. बुटाची गोष्ट खरी होती, आणि अशी कानात ऐकताना ती किती गोड वाटली.

२

घरी लायनेल डॉमिनो डब्यात भरत होता.

"कशी होती आज?" एनिडने विचारलं.

"हरवलं मला. नेहमीचंच." त्याने डबा बंद केला. "पण एनिड, आज तिने बुटाची गोष्ट नाही सांगितली. दर शनिवारी दोनदा तरी सांगते. मला अगदी चुकल्या-चुकल्यासारखं झालं बघ."

एनिडने कोट खुंटीला अडकवला आणि ती बहिणीपाशी जाऊन बसली.

"मर्टल, आज मी तळ्यावर गेले होते. माझा बूट काही सापडला नाही गं."

आदल्या दिवसापर्यंत एवढ्यावर मर्टल खुदकन हसायची. तोंडावर हात घेऊन, लहानपणासारखी. आता तिने मान तिरकी करून विचारलं, "कुठलं तळं?"

"अगं, आपलं तळं. गाईने बूट खाल्ला ते."

"गाई बूट खात नाहीत," मर्टल म्हणाली. मास्तरणीचा सूर तेवढा शाबूत होता.

लायनेलने एनिडकडे बघितलं आणि नजर खाली घातली. दुखणंच तसं होतं. आज ना उद्या ती गोष्ट जायचीच होती, आणि ती नेमकी आजच गेली, यात नवल ते काय? एनिडने स्वतःला तसं दोनदा बजावलं आणि चहाचं आधण ठेवलं.

३

पुढच्या शनिवारी चर्चच्या फाटकाशी कानातल्या मर्टलने आईचं आवडतं भजन गुणगुणून दाखवलं, मधली ओळ चुकवून, आई चुकवायची तशीच. त्यानंतरच्या शनिवारी जुन्या लोहारशाळेशी ती रॉडरिकबद्दल बोलली. त्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं नि मोडलं होतं. का मोडलं, ते तिने सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितलं नव्हतं. आता भर रस्त्यात, चालण्याच्या काठ्या घेतलेल्या दोन पाहुण्यांच्या शेजारी उभं राहून एनिडने ते कानात ऐकलं आणि तिथेच कट्ट्यावर बसून घेतलं.

त्या संध्याकाळी घरी तिने सहज विषय काढल्यासारखं केलं.

"रॉडरिक आठवतो?"

"हा कुत्रा का?" मर्टलने विचारलं.

एनिड यंत्र घेऊन लायनेलकडे गेली. लायनेल जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आलेला माणूस. ओसरीतल्या टेबलावर त्याचा पसारा कायम मांडलेला असे.

"यात कुणी हात घातलाय का रे?"

"माझ्याशिवाय कुणाला येतंय?" त्याने लोहारशाळेचा भाग लावून सगळा ऐकला. त्याचे कान लाल झाले. "मर्टलने फार खासगी बोलून ठेवलंय की इथे. पण मग तेव्हाच बोलली असेल."

"तेव्हा हे नव्हतं, लायनेल."

"मला काय ठाऊक? मी यंत्र बनवलं. ऐकत कशाला बसू? गाव मला पाठ आहे."

बघा आता! ज्याने केलं त्यानेच कधी पुरतं ऐकलेलं नाही. मग ते आधीपासून होतं की नव्हतं, हे सांगणार कोण? एनिडने शंका तिथेच सोडली, कारण खरं सांगायचं तर तिला ती सोडायचीच होती. घरातून जे नाहीसं होत होतं ते रस्त्यावर शाबूत मिळत होतं. ज्यांची माणसं अशी विझत जातात, त्यांच्यातल्या कितीकांच्या नशिबात एवढं असतं? ती आता बुधवारीही जायला लागली, मग सोमवारीही. बहिणीजवळ बसण्यापेक्षा बहिणीला ऐकायला तिला जास्त आवडायला लागलं.

पाहुणे खूश होते. लीड्सहून आलेल्या एका बाईने यंत्र परत देताना एनिडचा हात धरला. "काय गोड बोलतात हो या बाई! चढावर त्यांना दम लागला तेव्हा मी थांबले. त्यांचा श्वास खाली बसला, मग निघालो आम्ही."

"आम्ही?" एनिडने विचारलं.

"म्हणजे मी," बाई हसून म्हणाली. पण जाताना तिने फाटक जरा जास्तच वेळ उघडं धरून ठेवलं, कुणीतरी मागून येत असल्यासारखं.

४

शेवटचा खांब गावाबाहेर, टेकडीच्या कुशीत. तिथे जुन्या शिशाच्या खाणीचं तोंड आहे. माणूस वाकून आत जाईल एवढं भोक आणि त्याला लोखंडी जाळी. एनिडचा बाप त्या खाणीत काम केलेल्यांपैकी अगदी शेवटचा. त्याच्याकडून तिला एक रीत आली होती. जेवणातला शेवटचा घास खाणीच्या तोंडाशी ठेवायचा. तो म्हाताऱ्याचा. म्हातारा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. आधी जे जे खाणीत खपून आतच राहिले ते सगळे मिळून म्हातारा. त्यांनी खणून ठेवलं म्हणून आपण चालतो, तेव्हा घास ठेवायचा, आभार मानायचे आणि पाठ फिरवायची. "मागायचं मात्र काही नाही," बाप बजावायचा. "म्हातारा सरळ माणूस आहे. मागशील तर देईल."

त्या बुधवारी एनिड दगडावर बसून पाव-चीज खात होती. शेवटचा तुकडा तिने जाळीशी ठेवला, "आभारी आहे" म्हटलं आणि बटण दाबलं.

आधी मर्टलचा आवाज आलाच नाही. पाणी ठिबकत होतं. तेही जवळ नाही, लांब, पोकळीत.

"इथे सगळं नीट ठेवलंय, एनिड," मर्टल म्हणाली. "काही हरवलेलं नाही. आई आहे, बूट आहे, रॉडरिक आहे. तू म्हणाली होतीस ना?"

तिच्या आवाजामागे कुणीतरी घसा खाकरला, प्रार्थनेला बसलेली माणसं खाकरतात तसा. दुसऱ्या कुणीतरी त्याला "शू" केलं.

एनिडला आठवलं. ती म्हणाली होती. गेल्या पानगळीत, डॉक्टरांकडून परस्पर इथेच आली होती, घास ठेवला होता आणि रडता रडता तिच्या तोंडून गेलं होतं, "माझ्या बहिणीला सांभाळून ठेव रे बाबा." परक्या गावचा माणूस हे बोलला असता तर ती नुसती हळहळ ठरली असती. पण थॉर्पच्या पोरीने, घास ठेवून, या तोंडाशी म्हटलेलं ते मागणंच होतं. आणि म्हातारा सरळ माणूस. तो एकेक उचलून आत नेऊन ठेवत होता.

तिने बोंडं कानातून ओढून काढली. ठिबकणं थांबलं नाही. ते जाळीतूनही येत होतं. पण खाणीत पाणी ठिबकणारच, त्यात काय? भरल्या दुपारी, मेंढ्या चरत असताना घाबरायचं कशाला, असं म्हणत ती उतारावरून इतक्या भराभर उतरली की गुडघे आठवडाभर दुखले.

५

विहीर सजवायचे दिवस आले. एल्डरलोत दर उन्हाळ्यात लाकडी पाटांवर ओली माती थापतात, तीत फुलांची एकेक पाकळी दाबून चित्र भरतात आणि विहिरीवर उभं करतात. दुष्काळातही ही विहीर आटली नाही, त्याचे आभार. चर्चच्या सभागृहात अख्खं गाव मातीने हात बरबटून बसलेलं असतं. मर्टल जन्मभर काठाची नक्षी करत आली होती, म्हणून एनिडने तिलाही नेलं.

तिची बोटं चुकली नाहीत. हायड्रेंजाची निळी पाकळी उचलायची, देठाकडून दाबायची, पुढची तिच्यावर अर्धी चढवायची. लायनेल समोरून म्हणाला, "बघ, माझ्यापेक्षा सरळ लावतेय," आणि एनिडला भरून आलं.

"मर्टल, दमलीस का? घरी जायचं?"

मर्टलने वर बघितलं. तिचा चेहरा हसरा होता, पाहुण्यांसाठी असतो तसा.

"तुम्ही खूप मायाळू आहात," ती म्हणाली. "माझी बहीण येईलच मला न्यायला. ती जरा धांदरट आहे, पण येते."

लायनेलच्या हातातली पाकळी खाली पडली.

एनिडने बहिणीच्या हातावरची माती पुसली, एकेक बोट धरून. आई गेली होती, तळं गेलं होतं, रॉडरिक गेला होता. धांदरट बहीण एवढीच तिच्या डोक्यात शिल्लक होती आणि तिचाही चेहरा नेलेला होता. आता नाव जाईल. मग मर्टलकडे काय राहील? आणि टेकडीवर जाऊन, बटण दाबून स्वतःबद्दलच ऐकत बसायचं, ते खाणीतल्या कुणाच्या तोंडून?

"येईल हं तुमची बहीण," एनिड म्हणाली. "उद्या नक्की."

६

दुसऱ्या दिवशी सगळा गाव विहिरीपाशी होता. बँड वाजत होता, पाद्री पाण्याला आशीर्वाद देत होता, आणि दोघी म्हाताऱ्या हातात हात घालून उलट्या दिशेला टेकडी चढत होत्या. मर्टलने एकदाही कुठे जायचं ते विचारलं नाही. एनिडने मुद्दाम यंत्र बरोबर घेतलं नव्हतं.

जाळीपाशी आल्यावर तिने काही ठेवलं नाही. ठेवायला आणलंच नव्हतं. बापाने देण्याची रीत शिकवली होती, परत मागायची शिकवली नव्हती, त्यामुळे जे सुचलं ते ती बोलली.

"तुम्ही सांभाळलंत. फार उपकार झाले, मनापासून सांगते. माझंच बोलणं चुकलं. आता तिचं तिला द्या. जे असेल ते सगळं द्या."

खालून बँडचा सूर येत होता. मग तो येईनासा झाला. वारा फिरला असेल.

एनिडने डोळ्यांवर हाताची सावली धरून जाळीतून आत बघितलं. उजेडातून अंधारात बघताना काहीबाही दिसतंच. आत दोन्ही भिंतींना टेकून माणसं बसली होती, गुडघे पोटाशी, खांद्याला खांदा, मागपर्यंत. जुने लाकडी टेकू असतील. त्यांच्यावर चुन्याचे ओघळ असतील. सगळ्यांत पुढे पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती आणि ती तोंडावर हात घेऊन हसत होती.

एनिडने डोळे मिटले. मर्टल तर तिच्या शेजारी उभी होती. मर्टलचा दंड तिच्या हातात होता.

आतून कपड्यांची सळसळ झाली, प्रवचन संपल्यावर बाकांवरून माणसं उठतात तेव्हा होते तशी. थंड, दमट हवा तोंडावर आली. हातातला दंड जड झाला, मग आणखी जड, इतका की एनिडला दोन्ही हात लावावे लागले.

"एनिड," मर्टल म्हणाली, "हात किती गार पडलेत गं तुझे! हातमोजे कुठे विसरलीस, धांदरट?"

एनिड तिथेच गवतात मटकन खाली बसली आणि हमसाहमशी रडली.

७

त्या दुपारी घरात जे सुख होतं ते काय सांगावं! मर्टलने स्वतः पडदे सरकवले. तळं सांगितलं, बूट सांगितला, गाय सांगितली. आईचं भजन म्हटलं आणि मधली ओळ चुकवली. लायनेल विहिरीवरून आला, तर त्याला दारातच, "ये, हरायला आलास का?" तो बिचारा चौकटीला धरून उभा राहिला, नाक शिंकरत. मग त्याला आठवलं, "काही पाहुणे तक्रार करत होते. म्हणाले, यंत्रातल्या बाई आज नुसती माहिती सांगतात. मधलं काहीच नाही."

"मग माहितीच सांगायची असते," मर्टल म्हणाली, आणि तिघं खूप हसले.

तो गेल्यावर एनिडने ताजा चहा केला. मर्टलने कप कानाने न धरता दोन्ही पंजांत धरला, ऊब घेत. एनिडला ते नवं वाटलं. पण चढावर गारठली असेल.

"मेणबत्ती विझली तेव्हा थॉमस म्हणाला, हलू नका," मर्टल शांतपणे बोलली. "वर माणसं आहेत, त्यांना आपण माहीत आहोत. म्हणून आम्ही हललो नाही."

"कोण थॉमस?"

"माझा धाकटा मुलगा. आम्ही बरोबरच खाली उतरलो होतो." तिने मान एका बाजूला केली, दुसऱ्या कुणालातरी बोलू द्यावं तशी, आणि जाड, खालच्या पट्टीतल्या आवाजात म्हणाली, "पाय भिजलेत फार." मग तिसराच आवाज आला, अगदी कोवळा. त्याने खिडकी बघितली आणि विचारलं, "हे रोज असतं?"

बाहेर नुसतं ऊन होतं. कुंपणावर, सफरचंदाच्या झाडावर पडलेलं, नेहमीचं ऊन.

एनिडचा हात किटलीवरच राहिला. मनाने तिला भराभर कारणं पुरवली, दुखणं, दमणूक, खाणीच्या ऐकलेल्या गोष्टी. त्यातली सगळी पटण्यासारखी होती. आणि तिला हेही ठाऊक होतं, की "जे असेल ते सगळं द्या" हे आपलेच शब्द होते.

समोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत कोण कोण येऊन बघून जात होतं, जागा देत, एकमेकांना पुढे करत, फार अदबीने. मग त्या सगळ्यांतून वाट काढून मर्टल आली, तिची स्वतःची मर्टल, आणि तिने एनिडचा हात दाबला.

"रागावू नकोस गं. एकटीला येववत नव्हतं. यांनी मला उचलून आणलं." तिने आवाज खाली आणला. "गरम काही मिळून फार वर्षं झालीत त्यांना. चहा पुरेल ना?"

एनिडला भीती वाटत होती. तरी ती उठली, तिने मोठी किटली भरून आधणाला ठेवली, आणि कपाटातले कप एकेक करून टेबलावर मांडायला लागली. रोजचे संपले तेव्हा आईचे काढले.

"पुरेल," ती म्हणाली. "बसा सगळे. तुमचे फार उपकार आहेत."